भरत आलेली जखम

भावोजींचा फोन आला तेव्हा धाकटी ऑफिसातल्या कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होती. ते बिचकतच म्हणाले, "ताईच्या फोटोंचा फोल्डर उघडला की छोटी चित्रं दिसतच नाहीत गं. नुसते कोरे चौकोन. एकेक यायला अर्धा अर्धा तास. जरा बघून जातेस का?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच तिचं पोटापाण्याचं काम, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय ताई जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून तिने त्या घराची पायरी चढली नव्हती. खरं तर ताई अंथरुणाला खिळून होती त्या दीड वर्षातही ती दारातूनच बोलून परतायची. पडून पडून ताईच्या पाठीला जखम झाली होती, आणि तिचा वास धाकटीला सोसवत नसे. एकदा ताई म्हणाली होती, "आज तू बदलतेस का पट्टी?" तेव्हा फोन आल्याचं सोंग करून ती जी जिन्यात पळाली, ती घरीच गेली. पट्टी भावोजींनीच बदलली. त्या दिवशी आणि रोजच.

शनिवारी भरदुपारी ती गेली. भावोजींनी दार उघडलं मात्र, ती उंबऱ्यातच थबकली. वरवर जंतुनाशकाचा वास आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, शिळं, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखं. खिडक्या सताड उघड्या होत्या. तरीही.

"चहा टाकू?"

"नको नको. आधी काम करते."

कॉम्प्युटर ताईच्याच खोलीत होता. पलंग हलवला होता, पण त्याच्या चार पायांचे डाग फरशीवर तसेच होते. तिने नाक रुमालाने झाकलं, सर्दीचं निमित्त सांगितलं आणि फोल्डर उघडला. पडदाभर पांढरे चौकोन, आणि वरच्या पट्टीत मुंगीच्या पावलांनी सरकणारी हिरवी रेघ.

"लग्नाचे फोटो आहेत का?" तिने विचारलं.

"छे गं. जखमेचे. डॉक्टरांना रोज पाठवावे लागायचे ना."

तिने नजर त्या हिरव्या रेघेवरच ठेवली. फोल्डर मोठा होता, छोट्या चित्रांचा साठवलेला जुना संच बिघडला होता, म्हणून कॉम्प्युटर दर वेळी पहिल्यापासून सगळी चित्रं तयार करत बसायचा. औषध साधं होतं. तिने डिस्क क्लीनअपमध्ये जाऊन तो संच पुसला, फोल्डरची सेटिंग बदलली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चित्रं दिसू नयेत असं तिला मनापासून वाटत होतं, आणि हात मात्र ती दिसावीत म्हणूनच चालत होते.

या वेळी ती झरझर आली.

आधी पाठीवर लालसर डाग. मग वाटीएवढा खळगा. मग काळ्या, सुटत चाललेल्या कडा, पिवळा पू, आणि तळाशी काहीतरी पांढरं, जे हाड आहे हे कळल्यावर तिच्या तोंडात कडू पाणी आलं. ती घाईघाईने खाली सरकवत राहिली. ताई गेली ती तारीख आली आणि मागे पडली.

चौकोन संपेनात.

तीच चादर, तीच पाठ, पण खळगा उथळ होत चालला होता. तळातून गुलाबी, ओलसर, दाणेदार मांस वर येत होतं, रोज थोडं थोडं. शेवटच्या फोटोत वाटाण्याएवढं भोक उरलं होतं. तारीख आजची, सकाळची.

"भावोजी... हे कुणाचे?"

"तिचेच की." ते खुर्ची ओढून जवळ बसले. चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान होतं. "बघ ना, कशी भरत आलीय. डॉक्टर म्हणालेच होते, वेळ लागेल."

"ताई जाऊन आठ महिने झाले!"

"हो ना."

"मग काढतं कोण हे फोटो?"

"मला काय माहीत? सकाळी उठलो की आलेले असतात." त्यांनी पडद्यावरच्या त्या भोकावर हळूच बोट ठेवलं, गोंजारल्यासारखं. "कालचा आणि आजचा शेजारी ठेवून बघतो मी. म्हणून तर घाई."

ते बोट बघून तिला शिसारी आली. दुसरं काही सुचलं नाही. तिने सगळे फोटो एकदम निवडले, कायमचे पुसण्याची आज्ञा दिली आणि भावोजी हात धरायच्या आत होकाराचं बटण दाबलं.

ते ओरडले नाहीत. कोऱ्या पडद्याकडे बघत एवढंच पुटपुटले, "एवढीशीच राहिली होती गं..."

ती दाराशी पायात चपला सरकवत होती तेव्हाही ते तसेच बसून होते.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आवाज अगदी हलका होता, शेजारी कुणी आजारी झोपलेलं असावं तसा.

"छोटी चित्रं आता पटकन दिसतात हं. छान काम केलंस."

"पण... मी तर सगळं पुसलं."

"हो. नवीन आलाय एक, आज सकाळी. नुसती लाल झालीय कातडी. सुरुवात अशीच असते." पलीकडे माऊस टिकटिकला. "पण पाठ ताईची नाही गं. मणक्याच्या डाव्या बाजूला दोन तीळ आहेत, अगदी चिकटून..."

तिने डबा बाजूला सारला. हात मागे नेऊन आपल्या दोन तिळांपाशी शर्ट चाचपला. कोरडा होता. सुटकेचा निःश्वास टाकत तिने बोट जरा दाबलं. कापडाखालची कातडी पिकल्या फळासारखी आत गेली, आणि वर आलीच नाही.

"दुखत नाही ना?" भावोजींनी विचारलं. "तिलाही आधी दुखत नव्हतं... तुझ्याकडे कोण आहे बघायला? मी येऊ का? मला सवय आहे."