द्वादशीचं पारणं

देवळात हेल्मेट घालून देवीला हात जोडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

वडगाव रासाईच्या देवळात रोज सकाळी सातला दिवा लावायचा, हा माझा नेम. वात सारखी करत होते, तर शेजारी हा उभा. डोळे मिटलेले, चेहरा अगदी भाविक... आणि डोक्यावर लाल हेल्मेट.

"अहो," मी हळूच म्हटलं, "डोक्यावर..."

त्यानं चाचपलं. "व्हय की. तरीच म्हणलं, देवी आज लांबून का बोलतीय."

बाहेर त्याची गाडी चालूच होती, किल्लीसकट. नदीच्या पुलापलीकडच्या राहू गावचा इंद्रजीत. शेतात ठिबक बसवायची कामं घ्यायचा. पाइप एका गावात, जोडण्या दुसऱ्या गावात विसरायचा.

"पुण्याच्या डॉक्टरांनी नाव दिलंय ह्या धांदलीला. एडीएचडी. गोळी चालू हाय. पण पाइप कुठं ठेवला, ते गोळी सांगत न्हाई."

"ते शोधायला मी मदत करते," मी म्हटलं. "म्हणजे... शिकतेय."

माझा थोरला भाऊ संपत याच धांदलीपायी नववीत शाळेबाहेर पडला. 'वांड' म्हणून शिक्का बसला, खरं कारण कुणी विचारलंच नाही. म्हणून शिरूरला शाळेत शिकवता शिकवता मी एडीएचडी कोचिंगचा ऑनलाइन वर्ग लावला होता. कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. माणसाशेजारी बसून त्याला त्याच्या दिवसाची घडी बसवू देणारा. सरावाला क्लायंट हवा होता. इंद्रजीत पहिला.

दर बुधवारी दिव्यानंतर पारावर तासभर. एकदा मी विचारलं, "दिवसभर तुमची नजर कशावर असते?"

"गाडीच्या टाकीवर." जरा थांबून म्हणाला, "बुधवार सोडून."

मी वहीत बघत राहिले. कान मात्र तापले. पुढच्या खेपेपासून तो टाकीवर खडूनं दिवसाची तीन कामं लिहू लागला. तीनच.

आषाढात वर्गाचा पहिला टप्पा संपला आणि पुढचं ठरवायची वेळ आली. एक रस्ता दोन दिवसांचा, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट घरपोच. दुसरा दीड वर्षाचा. शंभर तास सराव, वर्गाच्या मेंटर बाई सरावाचं रेकॉर्डिंग ऐकून चुका काढणार, वर परीक्षा.

"दोन दिसात मिळतंय तर दीड वरीस कशाला, हर्षदा?" आई म्हणाली. "दसऱ्याला बोर्ड लावू की."

दुसऱ्या अर्जासोबत नियमांचा कागद होता. त्यात एक कलम होतं – क्लायंटशी प्रेमाचं नातं ठेवणार नाही. खाली सही.

मी तो कागद बुधवारी इंद्रजीतपुढे ठेवला. मधे न उठता त्यानं शेवटपर्यंत वाचला... पहिल्यांदाच.

"त्या दोन दिसांच्यात असलं कलम हाय?"

"नाही."

"मग सोनेरी काठवालं घ्या की." तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

"उद्या संपतसारखं कुणी माझ्यापुढे येऊन बसेल. मला हे खरंच येतं का, ते कुणीतरी कसून बघितलेलं हवं. तेल नसताना नुसती वात ठेवून दिवा लावला म्हणता येतं का?"

"आन् माझं काय?"

मेंटर बाईंना मी आधीच सगळं सांगितलं होतं. कोचिंग थांबवा, त्याला दुसऱ्या कोचकडे द्या, मधे पुरेसं अंतर ठेवा, मग दोघांनी पुन्हा विचार करा, असं त्या म्हणाल्या होत्या.

"तुम्हाला पुण्याच्या अपेक्षाताई शिकवतील," मी म्हटलं. "आणि मी... चातुर्मासात आवडीचं एक काहीतरी सोडतात ना?"

"आमची आई वांगं सोडती."

"मी यंदा बुधवार सोडतेय. भेट नाही, फोन नाही. चातुर्मास संपल्यावर तुम्हाला वाटलं तर या."

"मला चार मिनिटं काय ध्यानात ऱ्हात न्हाई, मॅडम. तुम्ही चार महिने म्हणताय."

"मग तेही कळेल," मी म्हटलं. सही मी त्याच दिवशी केली.

शिरूर, इनामगाव, दौंड... क्लायंट मिळत गेले. "तुम्ही सल्ला द्यायची घाई करता," मेंटर बाई म्हणायच्या. मी सुधारत होते. बुधवारी मात्र पुलाकडे पाठ करून बसायचे.

कार्तिकी एकादशीला सकाळी देवळाच्या पायरीशी तो उभा. नवा शर्ट, हेल्मेट हातात.

"आलो बघा. रोज टाकीवर पहिली ओळ हीच लिहीत हुतो – एकादशीला देऊळ."

मी एक पायरी खाली उतरले. तरी म्हटलं, "अहो... सोडलेलं द्वादशीला घेतात. पारण्याला. उद्या."

तो बघतच राहिला. "जन्मात पहिल्यांदा लवकर आलो, आन् तेबी चुकलं? एका दिसानं देवीला काय फरक पडतो?"

"देवीला नाही. मला पडतो."

तो गाडी वळवून गेला. दिवसभर मला वाटत राहिलं, उद्या विसरला तर? की रागावून गेला असेल?

द्वादशीला सात वाजले. दिवा लावला. सव्वासात झाले. वात पुन्हा पुन्हा सारखी करून बोटं तेलकट झाली... मग गाडीचा आवाज आला. बंद झाला. त्यानं किल्ली काढली, हेल्मेट काढलं, चपला काढल्या. मी मनात एकेक मोजत होते.

"उशीर?"

"नाही."

टाकी धुऊन लख्ख होती. त्यानं खडू पुढे केला. "आता काय लिहायचं?"

मी लिहिलं – 'दोघांनी तुमच्या आईला भेटणे.' खाली – 'वांग्याचं भरीत खाणे.'

"तिसरं?"

"ते तुमचं तुम्ही. कोच सांगत नसतो."

"तुम्ही आता माझ्या कोच न्हाई," तो म्हणाला आणि खडू घेऊन, न गडबडता, एकेक अक्षर काढत त्यानं लिहिलं – 'हर्षदाला इचारणे.'

मी पदराला बोटं पुसली.

"विचारा," मी म्हटलं.