हिरव्या पाकिटाचा गुन्हा

यंत्रावरचं हिरवं पाकीट शाल्मलीनेच फस्त केलं होतं, आणि आता गाडी तरंगत नव्हती.

साल २०४१. तैवानमधल्या शिंचू शहरात एका प्रयोगशाळेत तिची आई काम करायची. तिथे प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवायची रीत होती. पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं म्हणे. शाल्मलीला नेमकी मधल्या वेळेची भूक लागली आणि ती रीत तिच्या पोटात गेली.

आज त्साई आजोबांचा, म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या शास्त्रज्ञांचा, निवृत्तीआधीचा शेवटचा प्रयोग. तो बघायला शाळेची मुलं दारात येऊन ठेपली होती. आजोबांनी चुंबकांच्या रुळावर लाकडी पट्टी आणि तिच्यावर खेळण्यातली गाडी ठेवली. गाडीत द्रवरूप नायट्रोजन (हवेतलाच वायू, अतिशय गार करून पाण्यासारखा केलेला) ओतला आणि पट्टी काढली. गाडी धपकन रुळावर बसली.

"आजोबा, पाकीट मी खाल्लं," शाल्मली रडवेली होऊन म्हणाली. "तुमचा प्रयोग माझ्यामुळे बिघडला."

"असं? मग तपासू या. पाकिटाशिवायच पुन्हा करू. तरंगली तर तू सुटलीस."

पट्टी परत घालत आजोबा सांगू लागले, "गाडीत सिरॅमिकची काळी चकती आहे. उणे एकशे ऐंशी अंशांखाली ती अतिवाहक (विजेला जराही अडथळा न करणारी) होते आणि रुळापासून आहे त्याच अंतरावर अडकून राहते. पूर्वी अशा पदार्थांना फार महागडा, याहूनही गार हेलियम लागायचा. १९८७ साली तैवानमध्ये शिकलेल्या वू माव-कुएन आणि चू चिंग-वू यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर हे सिरॅमिक शोधलं. तेव्हापासून स्वस्तातला नायट्रोजन पुरतो."

शाल्मली गाडीत डोकावली. "पण हा नायट्रोजन तर चकतीच्या उबेने अजून खळखळ उकळतोय. म्हणजे चकती पुरती गार झालेली नाही?"

आजोबा ओशाळले. "मुलं आली म्हणून मीच घाई केली."

दोघं थांबले. खळखळ शमली. पट्टी काढली, आणि गाडी हवेत तशीच राहिली. शाल्मलीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"मग पाकीट ठेवता कशाला?"

"त्याच्यावरची खाऊच्या मुदतीची तारीख उलटलेली चालत नाही. ती बघायला माणूस यंत्रापाशी घटकाभर थांबतो. आज मी थांबलोच नाही, नाहीतर पाकीट नाही हे दिसलं नसतं का?" आजोबा हसले. "गार न करताच असं तरंगवणारा पदार्थ अजून आम्हाला सापडलेला नाही. तुला सापडला, तर त्या यंत्रावर पाकीट तूच ठेव."

"ठेवीन," शाल्मली म्हणाली, "आणि भरलेलं ठेवीन."