घराचं नाक

सुरी हाडापर्यंत पोहोचली आणि लग्नाच्या पंगतीत आंबूस, कुजका दर्प पसरला... व्याह्यांनी नाकाला रुमाल लावले, नवरी झालेली लेक मान खाली घालून रडू लागली, आणि अख्ख्या खोऱ्यात ज्याच्या हातची हॅम लोक डोळे मिटून खात, तो म्हातारा हॉबर्ट भिंतीला टेकून नुसता उभा राहिला.

हॅम म्हणजे महिनोन्महिने मीठ मुरवून, धुरी देऊन टांगलेली डुकराची मांडी. ती कापण्याआधी हाडाजवळ दाभण खुपसायचं आणि ते हुंगून बघायचं, ही केंटकीतल्या त्या घराची रीत. ते दाभण हॉबर्टशिवाय कुणाच्या हाती जात नसे. मुलगा क्लेल दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही हुंगली होतीत ना?"

"हुंगली होती. स्वच्छ होती."

साफ खोटं! दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर म्हाताऱ्याला कॉफीचासुद्धा वास येत नव्हता... पण सांगणार कोणत्या तोंडाने? वास गेला, असं कळलं असतं तर घरातली त्याची जागाच गेली असती!

तेवढ्यात सून ऑर्लेना पुढे झाली. कडेवर सहा महिन्यांचा एमॉस होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मीठ लावताना मला महिन्याची अडचण होती. तरी मी मांसाला हात लावला."

अडचणीतल्या बाईचा हात लागला की मांस नासतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पुरुषांनी माना वळवल्या. असल्या गोष्टीत खोलात कोण शिरणार? क्लेल मात्र चारचौघांत बायकोला नाही नाही ते बोलला, आणि धुरीच्या खोलीचा उंबरा तिला बंद झाला. आणि हॉबर्ट? त्याला हायसं वाटलं! सुनेचा शब्द त्याने मुकाट्याने खरा मानून टाकला.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, डुकरं कापली गेली. धुरीच्या खोलीत बाकाशी क्लेल मांड्यांना मीठ चोळत होता आणि ऑर्लेना स्वयंपाकघरात एकटीच चरबी कढवत होती. मदतीला आलेल्या शेजारच्या ट्रेसीकाकूंनी एमॉसला म्हाताऱ्याच्या हाती दिलं आणि त्या हसत म्हणाल्या, "गेल्या वर्षी मीठ चोळताना हा आईच्या पोटात लाथा मारत होता. आता आजोबांच्या मिश्या उपटतोय, बघा."

हॉबर्टने बाळाकडे निरखून पाहिलं. लग्नातल्या हॅमला मीठ लावलं तेव्हा एमॉस पोटात होता... मग महिन्याची अडचण कसली? तिने नवऱ्याची बोलणी गिळली, गावाची कुजबुज सोसली, ती सारी माझ्यासाठी! आणि मी एवढा मोठा घोडा तिच्या पाठीआड लपून बसलो... नातवाचं तोंड रोज पाहूनही हा साधा हिशेब सुचला नाही, कारण तो सुचायला नकोच होता!

बाळाला घेऊन तो तसाच चुलीपाशी गेला. "पोरी, तुला कधी कळलं?"

ऑर्लेनाने ढवळणं थांबवलं नाही. "भट्टीत पाव जळून कोळसा झाला होता, आणि तुम्ही शेजारी निवांत बसला होतात. तेव्हापासून मी तुमच्या मागे गुपचूप हुंगून घ्यायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी बाळाला ताप होता, ते राहून गेलं. म्हणजे चूक माझीच झाली ना, बाबा?"

म्हाताऱ्याला पुढचं ऐकवेना. तिचा हात धरून तो थेट धुरीच्या खोलीत शिरला. क्लेलने कपाळाला आठ्या घातल्या. "हिला इथे कशाला आणलंत?"

"ती हॅम मी न हुंगताच पंगतीत धाडली," हॉबर्ट म्हणाला. "मला वास येत नाही, क्लेल. दोन वर्षं झाली. ही माझ्यासाठी खोटं बोलली. मीठ लावलं तेव्हा हा हिच्या पोटात होता. तू बाप ना याचा? तुला तरी आठवायला हवं होतं."

क्लेल पोराकडे बघतच राहिला. बायकोच्या नजरेला नजर देणं काही त्याला जमेना. मिठाने भरलेले हात तसेच धरून तो बाकावरून सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.

गेल्या वर्षीच्या उरलेल्या मांड्या आढ्याला तशाच टांगलेल्या होत्या; लग्नाच्या दिवसापासून कुणी त्यांना हात लावला नव्हता. हॉबर्टने खुंटीवरचं दाभण काढून सुनेपुढे धरलं. "आजपासून या घराचं नाक तू."

तिने डोळे पुसले. दाभण परत त्याच्याच मुठीत ठेवलं आणि त्याची बोटं मिटली.

"तुम्ही खुपसा, बाबा," ती म्हणाली. "मी हुंगते."