मधल्या वर्गाचे दोन शिक्षक

झेरॉक्सच्या दुकानात बाई प्रश्नपत्रिका घेऊन उभ्या होत्या. यंत्रामागून जो चेहरा वर आला, तो पाहून त्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. ती टाचणी होती. शाळेतून पहिली आलेली. अंगानं काटकुळी नि जिभेनं टोकदार, म्हणून अख्खी शाळा तिला टाचणीच म्हणायची.

"तू इथे? आणि कॉलेज?"

"मामांचं दुकान आहे, बाई. मदत करते," टाचणी यंत्राकडे बघत म्हणाली.

"महिनाभर येत होती," मागून कुणीतरी म्हणालं. "मग दिसलीच नाही."

बाई वळल्या. काखेत कागदांचा गठ्ठा, कपाळावर केस, चेहरा ओशाळलेला... कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सर होते ते.

"दिसली नाही, तर विचारायचं नाही?" बाईंचा आवाज एरवी कधी चढत नसे. "हिऱ्यासारखी मुलगी पाठवली होती मी तुमच्याकडे!"

"हिरा खरा... पण वर्गात तोंड उघडेल तर शपथ."

"टाचणी? आणि गप्प?"

टाचणीला राहवेना. "बाई, सर नुसते बोलतच राहतात. काय लिहायचं ते सांगतच नाहीत! तुम्ही कशा 'लिहा' म्हणायचात... मी पेन धरून वाट बघत बसायचे. शेवटी लाज वाटायला लागली."

बाईंनी हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. एकेक ओळ त्यांनीच सांगून लिहून घेतली होती, स्वल्पविरामासकट. लेकरू चालायच्या वयाचं झालं, तरी कडेवरून उतरवलंच नव्हतं.

"म्हणजे अर्धी चूक तुमची," सर हळूच म्हणाले.

"आणि अर्धी तुमची. मिळून निस्तरू या. उद्या शाळा सुटल्यावर या."

मामांनी बजावलं होतं – महिनाअखेरपर्यंत पोरीचं मन वळलं नाही, तर तिनं कायमचं दुकानच सांभाळायचं. त्यामुळे वेळ फार नव्हता.

शाळेच्या रिकाम्या प्रयोगशाळेत वर्ग सुरू झाला. टाचणी आणि कॉलेजात तिच्यासारखीच अडखळलेली चार-पाच मुलं. सर नेहमीसारखे बोलायचे आणि त्याच वेळी बाई फळ्यावर लिहायच्या... सगळं नाही, घेण्यासारखं तेवढंच. बाई काय लिहितात, त्यापेक्षा काय गाळतात, ते मुलांनी बघायचं.

सरही तेच बघायचे.

"भाव म्हणजे पाण्यावरची होडी, पाणी चढलं की होडी चढते," एकदा ते रंगात येऊन म्हणाले. बाईंचा खडू जागचा हलला नाही.

मुलं गेल्यावर सरांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "होडी बुडवलीत माझी."

"शोभेची होती."

"रात्रभर विचार करून आणली होती हो!"

"म्हणून तर ऐकली," बाई फळा पुसून खडूचे हात झटकत म्हणाल्या. "छान होती..."

सरांचा चेहरा असा खुलला, की बाईंना उगाचच फळा पुसावासा वाटला. तो आधीच पुसलेला होता.

"हल्ली वर्ग फारच लांबतो गं तुझा," घरी आई म्हणाली. बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी खडू हातात घेतला नाही. त्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. सर भाववाढीची कारणं सांगू लागले. टाचणीचं पेन आधी थबकलं. मग चालू लागलं, थांबलं, पुन्हा चाललं... आणि एकाएकी तिचा हात वर गेला.

"सर, तुमचं दुसरं कारण पहिल्यातूनच निघतंय. मग ते वेगळं कशाला धरायचं?"

सर बोलता बोलता थांबले. "कारण... थांब हं. विचार करू दे."

बाईंनी मनोमन देवाला हात जोडले. पोर वाटेला लागली होती. सोमवारी टाचणी कॉलेजात गेली, बाकीचीही गेली. मामांनी दुकानाला दुसरा माणूस बघितला.

सगळं मनासारखं झालं. तरीही शाळा सुटली की बाईंना घरी जावंसं वाटेना. सरांनी आता यायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि हे आपल्याला इतकं का लागतंय, तेही त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आठवड्याअखेरीस त्या प्रयोगशाळेला कुलूप लावत होत्या. जिन्यावर सर उभे.

"कुणी परत गळालं का?" बाईंनी घाईघाईनं विचारलं.

"नाही, नाही! सगळी येतात. टाचणी तर आता मला धड बोलू देत नाही."

"मग?"

तासन्तास बोलणारा माणूस कठड्याकडे बघत राहिला. "म्हणजे... येताना सगळं जुळवलं होतं मी..."

"सावकाश सांगा. मी कुठे जात नाहीये."

"मला इथे येत राहायचंय," सर एका दमात म्हणाले. "मुलं असोत, नसोत. तुम्ही असता म्हणून."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. किल्ली पर्समध्ये टाकायला त्यांना जरा वेळच लागला.

"उद्या सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "घरी आई असते. या."

"येतो! पण... त्यांना काय सांगू?"

"आत्ता सांगितलंत ना," बाई जिना उतरू लागल्या, "तेच."