जुन्या भावाचा सोडा

फोन वाजला तेव्हा केविना नाबोसा मागच्या ओसरीवर हिरवी केळी सोलत होती. हात चिकाने माखलेले. तिने कोपराने फोन जवळ ओढला.

"मॅडम, लुताया बोलतोय. चौकीवर येता का जरा? लगेच?"

"निवृत्त बाईला चौकीवर बोलावतोस? मी काय केलं रे आता?"

"तुम्ही नाही. गोरेतीनं. कोपऱ्यावरच्या दुकानवालीनं." तो थांबला. "परवाच्या मागणीत तिच्याकडचा सोडा प्यायले ते सगळे आजारी पडलेत. नवरीची आत्या मसाका शहरातल्या इस्पितळात आहे. अजून शुद्धीवर नाही."

केविनाने सुरी खाली ठेवली. मागणीच्या समारंभात मुलीच्या आत्याशिवाय पानही हलत नाही. ती आत्याच पडली म्हणजे लग्न अडलं, आणि माणसं चिडली.

केविनाची उभी हयात अबकारी खात्यात गेली होती. दारूच्या भट्ट्या, चोरटी सिगारेट, सगळं तिने पालथं घातलं होतं. लुताया तिच्या हाताखाली शिकलेला शेवटचा. पोरगा प्रामाणिक, पण घाईचा.

चौकीवर गोरेती गजांआड होती. केविनाला पाहून ती तिथेच गुडघ्यांवर बसली, नमस्काराला. रीत तिने कोठडीतही सोडली नव्हती.

"ऊठ गं. माल कुठून घेतलास?"

"डेपोतून, मावशी. सगळा एकदम. जूनमध्ये रेडिओवर ऐकलं, जुलैपासून सोड्यावरचा कर वाढणार. घरावरच्या पत्र्यांसाठी पैसे साठवले होते. ते सगळे घातले आणि सोडा भरून ठेवला. निम्म्या घरावर अजून ताडपत्रीच आहे."

"आणि त्यानंतर?"

"एक बाटली घेतली नाही. कशाला घेऊ? नवा माल घेतला तर मलाही दीड हजार शिलिंग लावावे लागतील. जुना आहे तोवर हजार. म्हणून तर गिऱ्हाईक येतं."

"बाकीचे दुकानदार काय म्हणतात?"

"म्हणतात, गोरेती सोडा विकत नाही, आमच्या पोटावर पाय देते. आज सकाळी तेच दगड घेऊन आले होते. फळ्या फोडल्या माझ्या." तिने गज धरले. "सोमवारी मला कोर्टात नेणार. परवाना गेला तर मी काय विकू, मावशी? ताडपत्री?"

लुतायाने केविनाला बाहेर नेलं.

"भाव बघा, मॅडम. बाकीच्या सगळ्या दुकानांत दीड हजार आणि हिचे हजार. कसं परवडतं? घरी बनवते म्हणून. इस्पितळवाले म्हणाले, त्या सोड्यातलं पाणीच घाण होतं."

"झाकणांवर कराचा शिक्का नाही?"

"तोच घोळ आहे. शिक्का खरा आहे." त्याने कागदाची पुडी सोडली. आत पत्र्याची झाकणं. "समारंभातून गोळा केली. फोन धरला की हिरवी खूण येते. कर भरलेला, कारखाना बरोबर. तुमच्या फोनवरही ती सोय टाकून देतो, बघा."

केविनाने एकेका झाकणावर फोन धरला. हिरवी खूण आली. खूण पाहून लुताया थांबला असणार. तिने खालची बारीक अक्षरं वाचली. ऑगस्ट. सप्टेंबर. पुन्हा ऑगस्ट, पण दिवस निराळा.

"ही एकाच क्रेटमधली?"

"एकाच."

तिने एक झाकण उलटं केलं. आतल्या पातळ अस्तरावर बाटलीच्या तोंडाचा गोल ठसा होता. त्याच्याच अंगावर, किंचित सरकलेला, आणखी एक. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाटल्या उघडल्या कुठे?"

"पाहुण्यांसमोर, रीतीप्रमाणे. प्रत्येकानं आपली बाटली फुस्स करताना ऐकली. समारंभात कुणी काही कालवलं म्हणायला जागाच नाही. म्हणजे जे झालं ते दुकानात झालं."

"आणि जेवण?"

"नालोंगोच्या खानावळीतलं. सगळे जेवले. पण सोडा प्यायले तेवढेच पडले."

केविनाने पुडी बांधली. "लुताया, एक काम कर. सोडा नवरदेवाकडचे नेतात, त्याच्या काकाला गाठ. गोरेतीच्या दुकानातून क्रेट उचलल्यावर समारंभापर्यंत ते कुठे होते, एवढंच विचार. आणि मला कळव."

गोरेतीच्या दुकानासमोर फळ्यांचे तुकडे पडले होते. आतल्या खोलीत क्रेट छतापर्यंत रचलेले, वर धूळ. केविनाने वरची, मधली, पार तळाची बाटली काढून फोन धरला. सगळी झाकणं जूनची.

तिला तिचं लहानपण आठवलं. सोडा यायचा तो फक्त नाताळात. एक बाटली, पाच भावंडं. आई काचेवर बोट ठेवायची, "इथवर तुझं." आणि तेव्हाही बाटली सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची. बंद झाकण म्हणजे भरवसा. त्या भरवशावर माणूस शत्रूच्या घरीही प्यायचा.

रस्त्यापलीकडे आंब्याखाली माणसं सोंगट्यांचा डाव मांडून बसली होती. इथे सोंगट्या म्हणजे बाटल्यांची झाकणं. एकाची उताणी, दुसऱ्याची पालथी. आज मात्र एका बाजूला खडे होते.

"काय रे किगोंगो, दगडं घेऊन खेळतोस? गरिबी आली का?"

"गरिबी नाही आजी, टंचाई!" किगोंगो दात काढून हसला. "गोरेतीच्या दारातली तुडवून चपटी झालीत. चांगली झाकणं आणायला बसथांब्यापर्यंत तंगड्या तोडत जावं लागतं."

"हरायला कारण हवं त्याला," समोरचा म्हणाला. "झाकणं असताना जिंकत होता जसा काही!"

केविना हसली नाही. ती खाली बघत होती. या गावात सोडा विकला जातो तिथली जमीन झाकणांनी मढलेली असते. लोक उघडतात, टाकतात, पायाखाली ती मातीत रुततात. चौकीसमोर होती. गोरेतीच्या दारात तर फरशी घातल्यासारखी होती. आंब्याच्या समोर नालोंगोची खानावळ. गावातला सर्वांत जास्त सोडा इथे खपतो. तिचं अंगण लाल मातीचं, नुकतं झाडलेलं. जुनी, गंजलेली झाकणं मातीत खोल होती. ताजं एकही नव्हतं.

केविना बराच वेळ उभी राहिली. मग आत गेली.

"आलीस बाई!" नालोंगो चुलीपुढून उठली. जुळ्यांची आई म्हणून सारा गाव तिला नालोंगो म्हणे. तिचं खरं नाव केविनासारख्या दोघी-तिघींनाच ठाऊक होतं. "तुझं टेबल रिकामंच आहे. शेंगदाण्याचा रस्सा आहे, तुला आवडतो तसा घट्ट."

भिंतीवर आतून-बाहेरून निळ्या रंगात लिहिलं होतं, सोडा १०००. त्याच्याखाली, भाव वाढला नाही.

ही भिंत केविनाच्या ओळखीची होती. लढाईच्या दिवसांत गावात ना साखर होती, ना सोडा. सगळं शांत झाल्यावर पहिला क्रेट आला तो याच खानावळीत. कुणीही दामदुप्पट दिला असता. नालोंगो म्हणाली होती, जुन्याच भावात, आणि पहिली बाटली माझ्या केविनाला. त्या दिवशी दोघी रडल्या होत्या.

वाढपी बाईने शेजारच्या टेबलावर सोडा आणला. गुडघे टेकले, गिऱ्हाइकाच्या देखत झाकण काढलं, हळू, जपून, झाकण आणि ओपनर यांच्यामध्ये नाणं धरून. झाकण तिच्या ओंजळीत गेलं. माश्या बसू नयेत म्हणून बाटलीच्या तोंडावर कागदाचा तुकडा ठेवून ती उठली.

केविनाची बाटली नालोंगोने स्वतः आणली. खटकन उघडली. दुमडलेलं झाकण रीतीप्रमाणे बाटलीवरच ठेवलं.

"हजारात कसं गं परवडतं तुला?" केविनाने विचारलं.

"नाही परवडत. पदरचे घालून विकते."

"जूनमध्ये भरून ठेवला होतास का? गोरेतीसारखा?"

"ठेवला होता थोडा. जुलैतच संपला. खानावळीत माल टिकतो होय?" नालोंगोने हात पुसले. "बिचारी गोरेती. पण एवढा लोभ बरा नव्हे. माणसं मरायची."

फोन वाजला. लुताया होता. केविनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ये. नालोंगोकडेच आहे मी."

मग तिने आपल्या बाटलीवरचं झाकण उचललं आणि त्याच्यावर फोन धरला. हिरवी खूण आली. तिने खालची बारीक अक्षरं वाचली. मग झाकण मुठीत धरलं.

लुताया आला तेव्हा तिने ताटाला हात लावला नव्हता.

"बस. नालोंगो, तूही बस."

"मला चूल..."

"चूल राहू दे."

नालोंगो बसली.

"लुताया, तुला वाटलं स्वस्त म्हणजे खोटं," केविना म्हणाली. "पण गोरेतीचा भाव जुना होता कारण माल जुना होता. तिच्या घरातली बाटली न् बाटली जूनची आहे, जाऊन बघ. मग समारंभातल्या झाकणांवर ऑगस्ट-सप्टेंबर कसा?"

लुतायाने पुडी काढली. तारखा वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "म्हणजे त्या बाटल्या तिच्या नव्हत्याच."

"नव्हत्या. आणि कारखान्यातून निघालेल्या क्रेटची झाकणं एकाच दिवसाची असतात. ही रोज एकेक करून जमवलेली आहेत. आता आत बघ. ठसे दोन. एक कारखान्याचा, दुसरा घरी दाबून बसवलेल्याचा. खरं झाकण, खरा शिक्का, आत मात्र घरचा रंग, साखर आणि फुस्स व्हावं म्हणून खाण्याचा सोडा नि लिंबूसत्त्व. त्यासाठी झाकण न वाकवता काढावं लागतं. मध्ये नाणं धरून. आणि ते फेकून चालत नाही."

शेजारचं गिऱ्हाईक आपल्या बाटलीकडे बघू लागलं.

"बाहेर किगोंगोला सोंगट्या मिळत नाहीत," केविना म्हणाली. "गावात सोडा सगळ्यात जास्त जिथे खपतो, त्याच दारात. काका काय म्हणाला, सांग हिला."

"नवऱ्याकडच्यांनी क्रेट आदल्या दिवशी घेतले," लुताया म्हणाला. "रात्रभर इथे ठेवले. स्वयंपाकाच्या सामानाबरोबर एकाच गाडीतून न्यायचे म्हणून."

"काकाला काहीही आठवतं," नालोंगो म्हणाली. "क्रेट आले तसे गेले. मी कशाला हात लावू?"

केविनाने दुमडलेलं झाकण तिच्यापुढे सरकवलं.

"ही माझी बाटली. आत्ता तूच आणलीस. झाकण जूनचं आहे. तुझा जूनचा माल जुलैतच संपला, आत्ताच म्हणालीस. या गावात जूनचा सोडा एकीकडेच उरलाय, नालोंगो. गोरेतीकडे. आणि तिच्या त्या क्रेटमध्ये. रात्री तू तिच्या खऱ्या बाटल्या ठेवून घेतल्यास आणि आपल्या खोट्या भरल्यास."

नालोंगोने ते झाकण बोटांत फिरवलं.

"तुला कधीच दिली नाही," नालोंगो शेवटी म्हणाली. ती लुतायाकडे बघतच नव्हती. "इतके आठवडे विकतेय, पण तुझ्यापुढे खोटी बाटली कधी ठेवली नाही. चांगली वेगळी काढून ठेवायचे. शपथ."

"माहीत आहे. खोटी दिली असतीस तर हे जूनचं झाकण हाती आलं नसतं, मी अजून इथे बसून जेवत असते."

"कर वाढला आणि लोक दारातून भाव वाचून परत जायला लागले. माझ्या दारातून! तिकडे ती पोर हजाराला विकत बसलेली. मी चाळीस वर्षं या भिंतीवर..." तिने निळ्या अक्षरांकडे पाहिलं. "पाणी मी उकळते गं. रोज उकळते. त्या दिवशी सगळी चूल मागणीच्या जेवणात अडकली, आणि कोळसा पुरला नाही. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय."

"आणि गोरेतीला आत टाकलं तेव्हा?"

नालोंगो कमरेच्या फडक्याने टेबल पुसू लागली.

"तेव्हा बोलायला हवं होतंस," केविना म्हणाली. "पाण्याचं मी एक वेळ विसरले असते."

"भाव वाढवला असता तर तू आली असतीस?"

"मी आले असते."

"तू एकटी आली असतीस," नालोंगो म्हणाली. तिने कमरेचं फडकं सोडून त्याची घडी केली आणि वाढपी बाईला रस्सा खाली उतरवायला सांगितलं. मग लुतायाच्या पुढे चालू लागली. मागच्या खोलीत गोरेतीकडच्या जूनच्या बाटल्यांचे तीन क्रेट होते. दोन भरलेले, एक अर्धा.

आत्या शुद्धीवर आल्याची बातमी संध्याकाळी आली. गोरेतीला त्याआधीच सोडलं होतं. दगड घेऊन आलेल्यांपैकीच दोघं तिच्या फळ्या ठोकत होते, मान खाली घालून.

"मावशी, बसा ना," गोरेतीने स्टूल पुसलं. "एक थंड काढते. पैसे नकोत."

"पैसे घे. हजार."

गोरेती गुडघे टेकून बसली आणि बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरून उघडली. फुस्स झालं. केविनाने झाकण हातात घेतलं. समोर नालोंगोची खानावळ बंद होती आणि निळी अक्षरं मावळतीच्या उन्हात अजून ठळक दिसत होती. तिने झाकण उलटं केलं. ठसा एकच होता.

तिने ते दारातल्या मातीत टाकलं आणि टाचेने दाबलं, पार आत जाईपर्यंत. बाटली मात्र बराच वेळ तशीच भरलेली हातात राहिली.