दंडावरचा वळ

“ज्या हातानं लेकराला टोचायला धरलंस, त्या हातची भाकर मला नगं!” अंबाबाईंनी ताट सारलं आणि सुनेचं, मनकर्णाचं, काळीज चरकलं... आज परभणीच्या कोर्टात तारीख, आणि आत्याबाई उपाशीच निघाल्या!

गेल्या हिवाळ्यात देवी टोचणारे चुडाव्याला आले, तेव्हा धनगरांच्या वस्तीत एकट्या मनकर्णाने आपल्या लेकाचा, येडबाचा, दंड पुढे केला होता. मग दंड सुजला, बोटं आकसली ती कायमची. म्हणून तिच्या नवऱ्याने, मल्हारीने, सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पण खरं कारण एकट्या मनकर्णालाच उमगलं होतं: ती मळणीला गेली असताना अंबाबाईंनी, मेंढराच्या सुजल्या पायाला करतात तसं, येडबाच्या दंडाला राख लावून लोकरीची दोरी करकचून आवळली होती. परतल्यावर मनकर्णाने ती सोडली खरी, पण तोवर उशीर झाला होता... नातवावर प्राण ओवाळणाऱ्या त्या माऊलीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा आपणच अपराधी बरं!

कोर्टात डॉक्टरांनी येडबाची बाही सारली. “लशीची खूण ही वर, ती नीट भरली आहे. हा वळ खाली, दंडाभोवती सबंध फिरलेला. काहीतरी आवळल्यानं रक्त अडलं, म्हणून बोटं आकसली.”

“कोणी आवळलं, बाई?” मुन्सफांनी साक्षीला उभ्या मनकर्णाला विचारलं.

तिने डोळे मिटले. “म्या... म्याच बांधली दोरी, साहेब.”

“खोटं बोलायलीय ती!” मागून अंबाबाई उठल्या. “हलफ घेऊन खोटं बोलू नगं, पोरी! दोरी म्या बांधली, साहेब. कोकराचा पाय अन् लेकराचा हात एकच समजले मी, आंधळी! नगं आमाला मुआवजा!”

दावा तिथेच संपला.

परतीच्या गाडीत म्हातारीने हळूच विचारलं, “तुला ठाव होतं... अन् माझे टोमणे गिळत बसलीस?”

“तुमचा लय जीव हाय त्याच्यावर, आत्याबाई.”

“लय शानी!” अंबाबाईंनी पदराने डोळे पुसले. “भाकर हाय का गठुड्यात?”

“आता गोड लागंल का, आये?” मल्हारी हसला.

“तू गप! सूनबाई, तूच भरव.”

पुढच्या हिवाळ्यात टोचणारे आले, तेव्हा धाकट्या नातीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे अंबाबाईच उभ्या होत्या. “राख न्हाई, दोरी न्हाई,” त्या वस्तीला बजावत होत्या, “काई झालं तर आमच्या सूनबाईला इचारा!” आणि शेजारी येडबाने आपल्या वाकड्या बोटांत आजीचं बोट घट्ट अडकवलं होतं...