बर्फगाडीचं फुगलेलं बॉनेट

गाडीचं वजन एकवीस किलोंनी कमी करायचं, पण गाडीतलं काहीही काढायचं नाही. केतकी आत्यानं हे कोडं घातलं तेव्हा मला वाटलं, ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती.

माझी आत्या डॉक्टर आहे. हिमालयात, चार हजार मीटर उंचीवरच्या एका दवाखान्यात ती काम करते. तिच्याकडे बर्फावर चालणारी विजेची गाडी आहे. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी बैठक. एकटी आत्या बसली की गाडी ताज्या बर्फावरून सुसाट जाते. मागे आणखी एक माणूस बसलं की पट्टा भुसभुशीत बर्फात रुततो. आत्यानं सामानाच्या पिशव्या चढवून-उतरवून मोजलं होतं. एकवीस किलो कमी झाले, तर दोघं जाऊ शकतात.

दुसरं माणूस म्हणजे देचेन. ती खिंडीपलीकडच्या गावात राहते. तिच्या पोटातलं बाळ आडवं होतं, म्हणजे घरी बाळंतपण करणं दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. सामान वाहणारा ड्रोन बारा किलोंच्या वर काही उचलत नाही. देचेनला दवाखान्यात आणायचं, तर बर्फगाडीवरूनच. बाळ यायला वीस दिवस उरले होते.

आत्यानं हे कोडं आबांना घातलं, कारण आबा तिचे वडील आहेत आणि त्यांनी आयुष्यभर विमानांची हलकी कवचं बनवली. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी एक शेड घेतली. तिथं ते, मी आणि कागद कापणारा एक यंत्रमानव असतो. त्याचं नाव गडी. तो बोलत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे, असं आबा माझ्याकडे बघून म्हणतात.

गाडीचं बॉनेट आणि बाजूची कवचं जाड प्लास्टिकची होती. सगळी मिळून बत्तीस किलो.

"मग कवचं काढूनच टाकायची," मी म्हणाले.

"आणि मोटारीत बर्फ शिरला की तू जाणार काय ढकलायला?"

"बरं, मग पातळ करायची."

आबांनी प्लास्टिकचा एक पातळ पत्रा माझ्या हातात दिला. तो दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला.

"शलाकाबाई, हे बॉनेट म्हणायचं का टॉवेल?" आबा म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातलं रिकामं खोकं ओढलं आणि त्याचा एक तुकडा फाडून दिला. "हा वाकव."

पुठ्ठा पत्र्यापेक्षा हलका होता, तरी सरळ राहिला. मी त्याची कड बघितली. वर एक कागद, खाली एक कागद आणि मध्ये लाटांसारखा दुमडलेला तिसरा. बाकी सगळी पोकळीच!

"आता खोडरबर घे. त्याच्या कडेवर उभ्या रेघा मार आणि वाकव," आबा म्हणाले.

मी वाकवलं. वरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, खाली जवळ आल्या. मध्ये जशाच्या तशा राहिल्या.

"म्हणजे ताण वरची बाजू सोसते, दाब खालची सोसते. आणि मधली?"

"मधली नुसती बसून खाते," मी म्हणाले.

"अगदी बरोबर! म्हणून मधला जड माल काढायचा आणि त्या जागी हलका गाभा (दोन थरांना एकमेकांपासून लांब धरणारा मधला भाग) बसवायचा. थरांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा (वाकायला होणारा विरोध) चौपट होतो. वजन वाढतं ते फक्त गाभ्याचं."

"एवढं सोपं?"

"सोपं असतं तर तुझ्या आत्याला बापाची आठवण आली असती होय?"

आत्यानं गाडीभोवती फोन फिरवून तिचं त्रिमित चित्र (लांबी, रुंदी आणि खोली दाखवणारं चित्र) पाठवलं. त्यावरून आम्ही साचे केले. गडीनं कागदाच्या पट्ट्या कापून मधाच्या पोळ्यासारखा सहाकोनी कप्प्यांचा गाभा जोडला. त्याच्या वर आणि खाली अंबाडीच्या वाखाचं बारीक कापड आलं. कापडाला राळ (दोन द्रव मिसळले की काही तासांत टणक होणारा चिकट पदार्थ) पाजली आणि सगळ्यावर वाळूच्या गोण्या रचल्या.

कडा बंद करायचं काम माझं होतं. आत पाणी शिरून गोठलं, तर गाभा फाटेल. म्हणून मी एकेक कड दोनदा लिंपली. आबांनी बॉनेट पाण्याच्या टाकीत बुडवून बघितलं. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"वा गं पठ्ठे!" ते म्हणाले. मला ते फार आवडलं होतं, हे इथं नोंदवून ठेवते.

मग मी बॉनेटवर उभी राहिले. ते हूं की चूं करेना. सगळ्या कवचांचं वजन भरलं दहा किलो सहाशे ग्रॅम. अकरा किलोंपर्यंत चालणार होतं, म्हणजे चारशे ग्रॅम आमच्या हातात होते. ड्रोननं पार्सल पोचवलं आणि बुधवारी दुपारी आत्याचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा उतरलेला होता.

"आबा, बॉनेट फुगलंय. पुरीसारखं टम्म."

खरंच फुगलं होतं. वरचं कापड हातभर जागेत गाभ्यापासून सुटलं होतं. वाऱ्यानं ते फाटलं असतं आणि बर्फ थेट मोटारीत गेला असता.

"उद्या एकच दिवस हवा मोकळी आहे," आत्या म्हणाली. "परवापासून आठवडाभर बर्फ. देचेनच्या पोटात आजपासूनच अधूनमधून दुखतंय. इथं काय, सगळंच फुगतं. वहिनीनं पाठवलेली चिवड्याची पाकिटंसुद्धा फुगलीत."

चिवड्याचं पाकीट चारी बाजूंनी बंद असतं. बॉनेटही चारी बाजूंनी बंद होतं, आणि ते मीच बंद केलं होतं.

"आबा, आत हवा कोंडलीय," मी म्हणाले.

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. हवेलाही वजन असतं. आपल्या डोक्यावर जितकी हवा, तितका वातदाब (हवेचा सगळीकडून पडणारा दाब) जास्त. डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. आमच्या प्रत्येक कप्प्यात मात्र कोल्हापूरची हवा होती, कोल्हापूरच्या दाबाची. ती आतून ढकलत होती आणि बाहेरची तिला तितक्या जोरानं अडवत नव्हती. आबांनी गणित केलं. थंडीनं आतली हवा थोडी आक्रसते, ते धरूनही चौरस मीटरवर दीड टनाहून जास्त जोर. उसानं भरलेली एक बैलगाडीच म्हणा ना.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मला लाज वाटत होती. मी रडले नाही. आबा म्हणतात रडले. यावर आमचे मतभेद आहेत.

"तुझी एकटीची? आणि पाण्यात बुडवून शाबासकी कुणी दिली?" आबा म्हणाले. "गाभ्याला श्वास घ्यायला भोकं ठेवायची, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. कोल्हापुरात बसून डोंगर विसरलो. आता रडारड पुरे. उपाय बोल."

"आत्यानं बॉनेटला भोक पाडायचं."

"एकानं भागेल?"

मी विचार केला. कप्पे एकमेकांपासून वेगळे होते. एकातली हवा दुसऱ्यात जाणार नव्हती. "नाही. प्रत्येक कप्प्याला एक. बाजूची कवचं धरून सोळाशे चाळीस."

"अगं बाई!" आत्या पलीकडून म्हणाली.

भोकं आतल्या बाजूनं पाडायची, म्हणजे वरून पडणारा बर्फ त्यांत जाणार नाही. अंबाडीच्या कापडातून उजेड आरपार येतो, त्यामुळे वरून विजेरी धरली की खालून कप्पे दिसतात. भोकं बारीक असली की ताठपणा थोडासाच कमी होतो. हे सगळं मी सांगितलं आणि आबांनी मान हलवली. दवाखान्यातली आणि शेजारची मिळून सहा माणसं तापवलेली दाभणं घेऊन बसली. मी इकडून पडद्यावर कप्पे मोजत होते. संध्याकाळपर्यंत हवा निघून गेली आणि फुगा बसला. मग आत्यानं सुईनं सुटलेल्या कापडाखाली राळ सोडली.

"वीस वर्षं माणसांना टोचतेय, बॉनेटला पहिल्यांदाच," ती म्हणाली. त्यावर पिठाची पोती ठेवून तिनं बॉनेट शेगडीजवळ ठेवलं.

गुरुवारी सकाळी आम्ही नकाशावरचा एक ठिपका बघत होतो. तो खिंडीत पोचला आणि थांबला. सहा मिनिटं हलला नाही. आबा एरवी चहा फुंकून पितात, पण त्या वेळी त्यांनी तो तसाच पिऊन जीभ भाजून घेतली. मग आत्याचा संदेश आला. "बॉनेट तपासलं. तव्यासारखं सपाट आहे. निघते." दुपारी ठिपका परत खिंड उतरला. या वेळी गाडीवर देचेनही होती आणि पट्टा कुठंही रुतला नाही.

सोमवारी ऑपरेशन करून मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. देचेन ठणठणीत. आबा त्या दिवशी शेडमध्ये नुसतेच हसत होते.

आता आणखी दोन दवाखान्यांनी कवचं मागितली आहेत. नव्या गाभ्याच्या भिंतींना गडी आधीच बारीक भोकं पाडतो, म्हणजे सगळे कप्पे एकमेकांना जोडलेले राहतात आणि एकाच छिद्रातून श्वास घेतात. या युक्तीनं डोंगरातली बरीच गावं हिवाळ्यात दवाखान्यापासून तुटणार नाहीत.

तीन आठवड्यांनी आत्याचा पुन्हा फोन आला. देचेनला घरी जायचं होतं. बाळाचं वजन नीट वाढत होतं, सव्वातीन किलो झालं होतं. गाडी पेलेल ना?

मी लगेच वही घेतली. हातात होते चारशे ग्रॅम. बाळ सव्वातीन किलोंचं. "नाही जमणार," मी म्हणाले. "पावणेतीन किलोंच्या वर जास्त होतंय."

आबा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "अगं, येताना ती पोरगी कुठं होती?"

मी वहीकडे बघितलं. मग आत्याला म्हणाले, "साडेतीनशे ग्रॅमच वाढलेत, चारशेच्या आत. खुशाल निघा. बाकीचं वजन येतानाच धरलेलं आहे."